लसीच्या डब्यातली थंडी

लस उन्हाने खराब होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती गोठूनही वाया जाते, हे फार थोड्यांना. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, धनुर्वाताची लस यांत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात. लस गोठली की ते एकमेकांना चिकटतात आणि तिची ताकद जाते. वितळल्यावर बाटली मात्र वरवर पूर्वीसारखीच दिसते. म्हणून २ ते ८ अंश सेल्सिअस ही मर्यादा दोन्ही टोकांना पाळावी लागते.

उल्हासनगरच्या दाट वस्तीत लसीकरण केंद्र हाकेवर असते. बदलापूरपलीकडच्या पाड्यांवर जाणाऱ्या आरोग्यसेविकेच्या डब्यात मात्र चार आइसपॅक असतात. ते फ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नसतात, थोडे वितळू द्यायचे असतात. सकाळच्या घाईत हीच पायरी सुटू शकते.

बर्फाशिवाय थंडावा देणारी एक चकती आहे. वीज सोडली की तिची एक बाजू गार होते, दुसरी तापते. प्रवाह उलटा केला की बाजू बदलतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये हा परिणाम नोंदवला. लसीच्या डब्यासाठी तो सोयीचा, कारण तापमान फार उतरले तर तीच चकती ऊबही देऊ शकते. अडचण विजेची. ही चकती कॉम्प्रेसरपेक्षा बरीच जास्त वीज खाते, आणि पाड्यावर बॅटरी किती वाहायची?

चकतीतला पदार्थ डासांच्या जाळीसारखा हवा: वीज जाऊ द्यावी, उष्णता अडवावी. शुद्ध पदार्थांना हे सहसा जमत नाही. अंबरनाथच्या औषध कारखान्यात चिमूटभर अशुद्धी सापडली तर बॅच बाद होईल. इथे ती मुद्दाम घालतात. नेहमीच्या बिस्मथ टेल्युराइडमध्ये बिस्मथच्या जागी अँटिमनी किंवा टेल्युरियमच्या जागी थोडे सेलेनियम बसवतात. वेगळ्या आकाराचे अणू उष्णतेची वाट अडवतात. प्रवाह वाहणाऱ्या कणांची संख्याही अशा भेसळीने हवी तशी ठेवता येते.

टेल्युरियम दुर्मीळ आणि महाग. २०१९ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या गटाने मॅग्नेशियम-बिस्मथ संयुगात अँटिमनी मिसळले, टेल्युरियम फक्त नावाला घातले, आणि थंडावा जवळपास जुन्या चकतीइतकाच मिळवला. विजेची भूक मात्र अजून फारशी घटलेली नाही. तोवर आरोग्यसेविकेने आइसपॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळले, की डबा भरायचा.