गोधडीवर शिवणारीचे नाव का नसते? घरच्या प्रिंटरवर असे छापा कापडी लेबल

अहिल्यानगर : जुन्या लुगड्यांचे आणि साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी आता घरापुरती राहिलेली नाही. बचत गटांच्या प्रदर्शनांत ती विकायलाही असते. हाताने एक गोधडी शिवायला कित्येक दिवस जातात, पण शिवणाऱ्या बाईचे नाव तिच्यावर क्वचितच दिसते. त्यामुळे ग्राहकाला दुसरी गोधडी हवी असली, तरी फोन कुणाला करायचा हे कळत नाही. कारखान्यातली विणलेली लेबले साधारणपणे मोठ्या संख्येने घ्यावी लागतात. दहा-वीस गोधड्यांसाठी घरचा इंकजेट प्रिंटर पुरेसा आहे.

काय लागते?
पांढरे सुती पॉपलीन किंवा बारीक पोताचे मांजरपाट, ए-४ आकाराचा स्टिकर कागद, इस्त्री आणि कात्री. लेझर प्रिंटर वापरू नका. त्यातल्या उष्णतेने स्टिकरचा गोंद वितळून प्रिंटर बिघडू शकतो.

कसे छापायचे?
१. कापड धुऊन खळ काढा, वाळवा आणि कडक इस्त्री करा.
२. स्टिकर कागदाच्या चिकट बाजूवर कापड सुरकुती न पडू देता चिकटवा.
३. कागदाच्या कडेने कापड नेमके कापा. सुटा धागा राहिला तर प्रिंटरमध्ये अडकतो.
४. मजकूर मोबाइलवर तयार करून पीडीएफ करा, म्हणजे जोडाक्षरे फुटत नाहीत.
५. एका वेळी एकच पान घालून छापा आणि दिवसभर सुकू द्या. मग कागद सोडवा.

एका पानावर ७ बाय ९ सेंटीमीटरची ९ लेबले बसतात. चारही बाजूंना १ सेंटीमीटर कोरे सोडा, ते दुमडून शिवता येते. कापडावर शाई थोडी पसरते. त्यामुळे अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नको, नाहीतर अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात.

धुतल्यावर शाई टिकते का?
हे शाईच्या प्रकारावर ठरते. डाय शाई पाण्यात उतरते, पिगमेंट शाई जास्त टिकते. अनेक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत डाय असते, तर काहींत चारही डाय असतात. बाटलीवर किंवा माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. नुसत्या इस्त्रीने डाय शाई पक्की होत नाही. आधी एक लेबल साबणाच्या पाण्यात भिजवून पाहा, मगच बाकीची शिवा.

लेबलवर काय लिहावे?
शिवणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, महिना-वर्ष आणि तिच्या संमतीने फोन नंबर. गोधडीत वेगवेगळ्या साड्या असतात, एखादीचा रंग जातो. म्हणून ‘पहिल्यांदा वेगळी धुवा, थंड पाणी वापरा, ब्लीच नको’ ही सूचना हवीच. क्यूआर कोड द्यायचा तर तो किमान अडीच सेंटीमीटरचा ठेवा. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, त्यामुळे जुन्या फाइलमधला पत्ता बदलून घ्या.

प्रिंटर नसेल तर?
कापडावर चालणाऱ्या पक्क्या शाईच्या पेनाने लिहा किंवा नाव दोऱ्याने भरा. अमेरिकेत १८४० च्या दशकात न पुसणाऱ्या शाईने सह्या केलेल्या गोधड्यांची लाटच आली होती.

कुठे शिवायचे?
गोधडी पूर्ण झाल्यावर मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. आधी लावले तर धावदोरा अक्षरांवरून जातो. घरातल्या गोधडीवर आणखी एक ओळ छापता येईल : आतली साडी कुणाची होती. आजीचे लुगडे कोणत्या थरात आहे, हे वीस वर्षांनी सांगायला घरात कुणी असेलच असे नाही.