टपाल-विनिमय नोंद
टपाल-विनिमय नोंद : (एमएक्स नोंद). एखाद्या क्षेत्रनामाकडे आलेले ई-पत्र कोणत्या संगणकाने स्वीकारावयाचे हे दर्शविणारी, डीएनएस या क्षेत्रनाम प्रणालीतील नोंद. ही प्रणाली पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. या नोंदीचे नियम क्रेग पार्ट्रिज यांच्या आरएफसी ९७४ (१९८६) या लेखात आले. नोंदीत संगणकाचे नाव व अग्रक्रमांक असून लहान अंकाच्या संगणकाकडे पत्र प्रथम धाडतात.

पत्र न पोहोचल्यास प्रथम ही नोंद व नंतर तीतील नावाचा पत्ता तपासतात. नोंदीत नावाऐवजी अंकीय पत्ता किंवा उपनाम देणे नियमबाह्य होय. नोंदीतील संगणक ते क्षेत्रनाम आपले मानीत नसेल, तर पत्र फिरून त्याच्याकडेच येते. नोंद दुरुस्त केली, तरी मुदत संपेपर्यंत जुनी माहिती इतरत्र साठून राहते.

नाव शोधताना उत्तरच न मिळणे आणि ‘असे नाव नाही’ असे उत्तर मिळणे, यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या स्थितीत पत्र साधारणतः ४-५ दिवस रांगेत ठेवून पुनःपुन्हा पाठवितात. दुसरीत ते प्रेषकाकडे परत जाते. हा भेद न पाळल्यास क्षणिक बिघाडानेही पत्रे परत जातात.