६१७४ : सात वजाबाक्यांच्या आत

६१७४ या संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ७६४१ होतात, चढत्या क्रमाने मांडले की १४६७. मोठीतून लहान वजा केली की पुन्हा ६१७४. खरी नवलाई याच्या पुढे आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही.

हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. डहाणूत १९०५ साली त्यांचा जन्म झाला. निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. जगभर तो पोचला १९७५ मध्ये, अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यावर.

त्यांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, उरले ९३५१. पुढे ९५३१ उणे १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ उणे १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ उणे ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ उणे ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ उणे २४६६ म्हणजे ४१७६. आणि ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. बरोबर सात. शून्य मात्र गाळायचे नाही. १११२ पासून निघाल्यास पहिली बाकी ९९९ येते. ती ०९९९ अशी न लिहिता तीनच अंक धरले, तर पुढची बाकी शून्य आणि खेळ खलास.

असे का होते, हे पाहण्यासारखे आहे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक प, मधल्या दोघांतला फरक फ मानला, तर बाकी नेहमी ९९९प + ९०फ असते. प १ ते ९ आणि फ कधीही प पेक्षा मोठा नाही. म्हणून हजारो संख्यांतून पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ उरतात. त्यांतल्या बऱ्याच संख्यांत तेच अंक फिरून येतात. इतक्या अरुंद वाटेत स्वतःवरच परतणारी संख्या एकच, प=६ आणि फ=२ ची : ५९९४ + १८० = ६१७४. हा गुण दशमान लेखनाचा आहे, पण म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

तीन अंकांत असाच मान ४९५ ला आहे. दोन अंकांत कोणीच स्थिर नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. पाच अंकांतही चक्रेच मिळतात.

६१७४ चे इतर गुणही सुरेख आहेत. तिचे अवयव २ × ३² × ७³. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यावर ३४३, म्हणजे ७ चा घन. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद हे नाव कापरेकरांनीच दिले. शिवाय १८ + ३२४ + ५८३२, म्हणजे १८, तिचा वर्ग आणि तिचा घन यांची बेरीजही ६१७४.

एक सावधगिरी : मध्येच हातचा चुकला तरी शेवटी बहुधा ६१७४च येईल, कारण चुकलेली संख्याही तिकडेच जाते. म्हणून प्रत्येक बाकीच्या अंकांची बेरीज करून पाहावी. अंक क्रमाने मांडल्यावर मधले दोन सारखे असतील तर ती २७, नाहीतर १८ येते. प्राथमिक शाळेत वजाबाकी पक्की करून घेण्यासाठी शिक्षकांनी प्रत्येक मुलाला वेगळी संख्या देऊन हा सराव जरूर घ्यावा.