आजी, जंतू आणि एक तास

गेल्या पावसाळ्यात माझ्या आजीला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून वाशीतील दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले. तेथे तपासणीचा निकाल येईपर्यंत तिला वेगळ्या खोलीत ठेवले. ‘‘माझा काय कुणाला विटाळ होणार आहे?’’ असे तिने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

काही जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. ते पुष्कळदा आतड्यात मुकाट्याने राहतात; त्या माणसाला ना ताप, ना दुखणे. अशा माणसाला वाहक म्हणतात. धोका असतो तो शेजारच्या खाटेवरील, नळ्या लावलेल्या अशक्त रुग्णाला. आणि जंतू तेथवर पोचतात ते बहुधा इतरांच्या हातांवरून.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांपैकी २२ जंतूंत ‘एनडीएम-१’ हे विकर आढळले. हे विकर औषधाचा रेणूच मोडून टाकते. ते बनविण्याची कृती ज्यात असते ते जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाते. परीक्षेच्या वर्गात चिठ्ठी फिरावी तसे!

जुन्या पद्धतीत नमुन्यातील जंतू काचेच्या बशीत वाढवतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. नवी रेण्वीय चाचणी जंतू वाढण्याची वाट पाहत नाही. ती थेट जनुकच शोधते. कापसाच्या काडीने गुदमार्गातून घेतलेला नमुना यंत्रात घातला की त्यातील जनुकाच्या असंख्य प्रती तयार होतात आणि सुमारे तासाभरात निकाल कळतो. मात्र यंत्राच्या यादीत नसलेले जनुक तिला दिसत नाही; जंतू जिवंत आहे की मेलेला, हेही ती सांगत नाही. म्हणून बशीची गरज उरतेच.

आजीचा नमुना जुन्याच पद्धतीने तपासला होता. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : तसा जंतू नाही. तीन दिवस ती उगाच एकटी राहिली. पण ती वाहक असती आणि सर्वांत ठेवली असती, तर तो अन्याय शेजारणीवर झाला असता. लवकर मिळणारे उत्तर हे दोन्ही अन्याय टाळण्यास मदत करते. तरी हात धुतले नाहीत, तर ते उत्तरही वाया जाते.

आजीला मी आता सांगितले आहे, ‘‘विटाळ तुझा नव्हता गं, काळजी आमच्या हातांची होती.’’