परक्या अमलातील विमान कंपनी

बार्शीहून येडशीला आज मोटारीने जाणाऱ्या माणसाला वाटेत एखादी सरहद्द ओलांडल्याची जाणीव होण्याचे काहीच कारण नाही. परंतु बार्शी इंग्रजी अमलात आणि येडशी निजामाच्या मुलखात होती, तेव्हा याच वाटेवर सिक्का बदलत असे, कायदा बदलत असे, आणि करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखविल्यावाचून वाटसरूची सुटका होत नसे. या सरहद्दीतून लंडनमध्ये नोंदलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची गाडी १९०७ साली तडवळ्यापर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी रूळ, हलके डबे आणि बेताचा बांधकामखर्च यांवर उभी केलेली ही योजना म्हणजे आजच्या परिभाषेतील ‘लो कॉस्ट’च होय. कंपनी परकी, भांडवल परके. तरीही गाडी चालली, कारण रुळाखालची जमीन ज्याच्या अमलात, त्याची मंजुरी मिळाली की आगगाडीचे निम्मे काम होते.

विमानाचे तसे नाही. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण स्वामित्व मान्य केले, आणि देशातल्या देशात उतारू नेण्याचा हक्क परक्या विमानाला नाकारण्याची मुभाही दिली. परिणामी ज्या विमानावर मलेशियाची ‘९एम’ ही नोंदणीची अक्षरे रंगविलेली आहेत, त्याने क्वालालंपूरहून बंगळुरूला खुशाल यावे. तेथून गोव्याचे गिऱ्हाईक मात्र त्याला घेता येत नाही. त्यासाठी ‘व्हीटी’ अक्षरांचे विमान, भारतीय परवाना आणि भारतात नोंदलेली कंपनी हवी, आणि त्या कंपनीची भरीव मालकी व परिणामकारक नियंत्रण भारतीयांच्या हाती हवे. परदेशात उपकंपनी काढण्याचा सारा खटाटोप या एका अटीपोटी होतो.

आमच्या भागाला ही व्यवस्था अपरिचित नव्हती. धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात असतानाच, १९४५ साली, निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत ‘डेक्कन एअरवेज’ स्थापन झाली. हैदराबाद हे काही परराष्ट्र नव्हते, पण पाहुण्याने यजमानाच्या नावाने धंदा करावा ही रीत तीच : मोठा हिस्सा संस्थानाचा, ठाणे बेगमपेठेचे, आणि विमान चालविण्याचा १९३२ पासूनचा अनुभव टाटांचा. प्रेम माथुर यांना भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक होण्याचा मान मिळाला तो याच कंपनीत. पुढे संस्थान विलीन झाले आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये सामावली गेली.

त्यानंतर साठ वर्षांनी टाटा यजमानाच्या जागी बसले आणि पाहुणा मलेशियाहून आला. तेथील उद्योजक टोनी फर्नांडिस यांनी २००१ साली कर्जात रुतलेली एअरएशिया एका रिंगिटला, अर्थात कर्जासकट, विकत घेतली आणि थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशोदेशी स्थानिक भागीदार गाठून तिची भावंडे उभी केली. भारताचे दार तोवर बंद होते, आणि ते बंद कसे झाले याचीही एक कथा आहे. गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचे जेट एअरवेजमध्ये प्रत्येकी वीस टक्के भाग होते. १९९७ च्या धोरणाने परदेशी विमान कंपन्यांना देशी कंपनीत हिस्सा घेण्यास मनाई केल्यावर त्यांना ते सोडावे लागले. टाटांचा सिंगापूर एअरलाइन्सबरोबरचा प्रस्तावही बरीच वर्षे सरकारी दप्तरात पडून राहिला आणि अखेर १९९८ साली मागे घेतला गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये ही मनाई उठली आणि एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत भाग घेण्याची परवानगी मिळाली.

मार्च २०१३ मध्ये ‘एअरएशिया इंडिया’ नोंदविली गेली, तिच्या भागांची वाटणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे : एअरएशिया ४९ टक्के, टाटा सन्स ३०, टेलेस्ट्रा ट्रेडप्लेस २१. बेरीज केली तर भारतीय पक्ष ५१ टक्क्यांसह वरचढ, पण तो दोन जागी विभागलेला. आणि एकट्या भागीदाराचा सर्वांत मोठा वाटा पाहावा तर तो पाहुण्याचाच. बटईने दिलेल्या रानात सातबारा एकाच्या नावे आणि औत दुसऱ्याचे, अशी स्थिती असली की बांधावर भांडण ठरलेलेच. येथेही ते झाले. प्रस्थापित विमान कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला आणि सुब्रमण्यम स्वामी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. आक्षेपाचा गाभा असा, की नियंत्रण खरोखर कुणाचे? हा प्रश्न आम्हाला अगदीच गैरवाजवी वाटत नाही, जरी तो विचारणाऱ्यांपैकी काहींना कायद्यापेक्षा आपल्या गल्ल्याची काळजी अधिक असावी.

१२ जून २०१४ रोजी बंगळुरूहून गोव्याला पहिले उड्डाण झाले. भाडे करांसह ९९० रुपये ठेवले होते. ते परवडावे म्हणून साऱ्या कारभाराची रचना होती : एकाच जातीची विमाने, एअरबस ए३२०, त्यात एकाच वर्गाची १८० आसने, मधला मोकळा ऐसपैसपणा नाही, खाणे विकत, पसंतीची खिडकी विकत, आणि उतरलेले विमान पंचवीसएक मिनिटांत पुन्हा उडविण्याची घाई, कारण जमिनीवर उभे असलेले विमान पैसा खाते, मिळवीत नाही. तथापि हा हिशेब एकट्या एअरएशियाचा नव्हता; इंडिगो त्यात आधीच तरबेज झाली होती. परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने मागणारा नियम २०१६ मध्ये शिथिल होऊन केवळ वीस विमानांची अट उरली, पण त्याचा लाभ उठविण्याची वेळ या कंपनीवर आली नाही.

पुढे टेलेस्ट्रा बाहेर पडली. मग टाटा ४९, एअरएशिया ४९ आणि उरलेले दोन टक्के दोन संचालकांकडे, अशी अवघडलेली वाटणी झाली. दोन टक्क्यांवर एवढ्या मोठ्या कंपनीचे राष्ट्रीयत्व तोलून धरल्याचे दृश्य आम्हाला तरी विलक्षण वाटते. २०१८ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने परवान्यांसंबंधी गुन्हा नोंदविला. कंपनीने गैरकृत्याचा इन्कार केला. मग करोनाची साथ आली. मूळ कंपनीला स्वतःचाच डोलारा सावरणे कठीण झाले, जपानमधील उपकंपनी दिवाळखोरीत गेली, आणि डिसेंबर २०२० मध्ये टाटांनी आपला वाटा ८३.६७ टक्क्यांवर नेण्याचा सौदा केला. राहिलेला हिस्सा २०२२ मध्ये एअर इंडियाकडे आला, जी त्याच वर्षी जानेवारीत टाटांकडे परतली होती. एअरएशियाचे नाव पुसले जाऊन ‘एआयएक्स कनेक्ट’ हे नाव लागले, आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी तेही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मावळले. विमाने उडत राहिली. गेला तो पाहुणा.

या साऱ्या उलाढालीत धाराशिवच्या वाट्याला काय आले, असे कोणी विचारील. येथील धावपट्टी राज्याने २००९ साली लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळ यांच्यासह रिलायन्स समूहातील कंपनीला पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. प्रवासी विमानाची नियमित सेवा मात्र तेथून सुरू झालेली नाही. उमरग्याचा माणूस हैदराबाद गाठतो, भूम-परंड्याचा पुणे. जून २०२५ मध्ये गोव्याच्या फ्लाय९१ कंपनीने सोलापूर–गोवा सेवा सुरू केली, तेव्हा तुळजापूर-नळदुर्गकडच्या उतारूला निदान एका दिशेचे विमान घराजवळ मिळू लागले. ते ए३२० नव्हे, पंख्यांचे एटीआर आहे; पण कंपनी इथलीच असल्याने तिच्या टक्केवारीवरून कोर्टकचेरी करण्याचे कुणाला कारण पडलेले नाही.