रबराच्या चिकाची किंमत

१८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट घेतलं. युरोप-अमेरिकेत सायकली धावू लागल्या, पाठोपाठ मोटारी आल्या, विजेच्या तारांना रबराचं आवरण लागू लागलं आणि रबराचे भाव चढत गेले. त्याची किंमत मोजली मध्य आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातल्या माणसांनी.

हे खोरं काही निर्नायक नव्हतं. लुबा, लुंडा, कुबा अशी राज्यं तिथे नांदत होती. तांबं गाळणारे कारागीर होते, कुबा विणकरांचं राफियाचं कापड देखणं होतं. पण युरोपातल्या कारखान्यांना कच्चा माल आणि बाजारपेठा हव्या होत्या आणि वसाहत ही राष्ट्राच्या प्रतिष्ठेची खूण ठरली होती. क्विनाईनमुळे मलेरियाची धास्ती ओसरली, आगबोटींनी नद्या मोकळ्या केल्या, नव्या बंदुकांनी उरलेलं काम केलं. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनमध्ये १४ देशांचे प्रतिनिधी आफ्रिकेतल्या व्यापाराचे आणि ताब्याचे नियम ठरवायला जमले. त्यांत एकही आफ्रिकी नव्हता.

याच सुमारास बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगोवरचा आपला खासगी हक्क युरोपकडून मान्य करून घेतला. हा मुलूख होता २३ लाख चौरस किलोमीटरांचा, बेल्जियमच्या ७५ पटींहून मोठा. लिओपोल्डसाठी शोधप्रवासी हेन्री स्टॅन्लेने शेकडो सरदारांकडून करार करून घेतले होते. त्यांतला मजकूर बहुतेकांना वाचताही येत नव्हता. गुलामांचा व्यापार थांबवायचा, असं लिओपोल्ड जगाला सांगत राहिला. काँगोत त्याने कधी पाऊलही टाकलं नाही.

'मोकळी' जमीन सरकारची, असा फतवा निघाला आणि जंगल एका फटक्यात राजाचं झालं. गावागावावर रबराचा वाटा बसवला गेला. तो भरेपर्यंत बायकांना ओलीस ठेवलं जाई. पाणघोड्याच्या कातडीचा 'शिकोट' नावाचा चाबूक पाठी फोडत असे. 'फोर्स पब्लिक' या लष्करातल्या शिपायांना काडतूस वाया घालवलं नाही हे सिद्ध करण्यासाठी मेलेल्याचा उजवा हात आणावा लागे. हिशेब जुळवायला जिवंत माणसांचेही हात तोडले गेले. पुरुष जंगलात वेलींचा चीक गोळा करत फिरायचे आणि शेतं पडीक राहायची. उपासमार आली, निद्रारोग पसरला, जन्म घटले. लोकसंख्या निम्म्यावर आली असावी, असा काही इतिहासकारांचा अंदाज आहे. आधीची जनगणनाच नसल्याने आकड्यावर वाद आहे. लाखोंनी माणसं मेली यावर नाही.

लोक मुकाट बसले नव्हते. १८९५ साली बातेतेला जमातीच्या शिपायांनी बंड केलं, गावं रबर टाकून जंगलात पळाली. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीतला कारकून एडमंड मॉरेल याला दिसलं, की काँगोतून रबर आणि हस्तिदंत भरभरून येतात आणि जाताना बंदुका-काडतुसं जातात. मोबदला न देता मिळणारा माल म्हणजे वेठ, हे त्याने ओळखलं. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅलिस हॅरिस या मिशनरी बाईंच्या छायाचित्रांनी जग हादरलं. अखेर १९०८ साली बेल्जियम सरकारने काँगो राजाकडून ताब्यात घेतला.

मालक बदलला, पण काढून नेण्याची रीत तशीच राहिली. कटांगा प्रांतातलं तांबं आणि शिंकोलोब्वे खाणीतलं युरेनियम बाहेर गेलं. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्येही हे युरेनियम होतं. शाळा मुख्यतः प्राथमिकच राहिल्या. ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात तीसही काँगोली पदवीधर नव्हते आणि लष्करात एकही काँगोली अधिकारी नव्हता. अकरा दिवसांत कटांगा फुटून निघाला, त्याच्या पाठीशी बेल्जियन खाणकंपनी होती. पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची १७ जानेवारी १९६१ रोजी हत्या झाली; त्यातली नैतिक जबाबदारी बेल्जियमने चाळीस वर्षांनी कबूल केली. पुढे हुकूमशहा मोबुटूने तीन दशकं देश ओरबाडला, तोही पाश्चात्त्यांच्या पाठबळावर.

आज जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो आणि आपल्या मोबाईलच्या बॅटरीत बसतो. खाणीतल्या मजुराच्या घरी मात्र अनेकदा वीजही नसते. तेव्हा आफ्रिकेच्या मागासलेपणाबद्दल कुणी सहज मत ठोकून दिलं, तर त्याला १८८५ पासूनचा हा हिशेब आधी मांडायला सांगा. काँगोची गरिबी निसर्गाने दिलेली नाही, ती घडवली गेली आहे.