रोगी घरी सुखरूप परतावा म्हणून

हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीसारख्या गावातून रोगी इस्पितळात निघाला म्हणजे अर्धे घर त्याच्याबरोबर निघते. हुमनाबादेस भागले नाही तर बिदर, नाहीतर कलबुर्गी. दुखणे फारच मोठे असेल तर सोलापूर वा हैदराबाद. खाट मिळाली की घरच्यांना हायसे वाटते. परंतु वाचकहो, इस्पितळ हे जसे रोग बरे करण्याचे स्थान, तसेच ते अनेक रोग्यांचे जंतू एका छपराखाली एकत्र येण्याचेही स्थान होय. पाय मोडला म्हणून दाखल झालेल्या मनुष्याची जखम तेथे चिघळावी व त्याला ताप भरावा, असे कधीकधी घडते. या संकटास डॉक्टर कसा आळा घालतात आणि त्यात आपला वाटा कोणता, याचा आज आम्ही थोडा विचार करणार आहोत.

ही गोष्ट प्रथम एका हंगेरियन डॉक्टरने सिद्ध करून दाखविली. इग्नाझ सेमेल्वाइस हे त्याचे नाव. व्हिएन्ना शहरातील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी काम करीत, दुसऱ्यात डॉक्टर व विद्यार्थी. आणि डॉक्टरांच्या विभागातच बाळंतिणी सूतिकाज्वराने अधिक दगावत. डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येतात, हे सेमेल्वाइसने ओळखले. १८४७ च्या मे महिन्यात त्याने सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये शंभरातील अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये तो आकडा सुमारे दोनवर आला. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ हात धुतले गेले! तथापि, आपल्याच हातांनी रोग नेला हे पुष्कळ डॉक्टरांना रुचले नाही, आणि सेमेल्वाइसची उपेक्षा झाली.

आज हाताबरोबर आणखी एक वाट जंतूंना मिळाली आहे. शिरेत घातलेली सलाईनची नळी, लघवीची नळी, श्वासाची नळी, या जीव वाचवितात खऱ्या. पण शरीराचा नैसर्गिक कोट ओलांडून त्या जंतूंना दारही उघडून देतात. अमेरिकेतील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेतील नळीसाठी पाच नियमांची यादी केली : हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने पुसणे, रोग्याला निर्जंतुक वस्त्राने पूर्ण झाकणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत ही यादी पाळली गेली. तेथील रक्तदोष दोन तृतीयांशांपर्यंत घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले.

अशी शिस्त टिकवायची तर रोज रोग्याजवळ असणारा डॉक्टर हवा. केवळ दाखल रोग्यांचीच काळजी वाहणाऱ्या डॉक्टरांना १९९६ साली अमेरिकेत ‘हॉस्पिटलिस्ट’ असे नाव मिळाले. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांच्या इस्पितळांत निवासी डॉक्टर बरेचसे हेच काम करतात. फेरीच्या वेळी चांगला डॉक्टर रोज तेच प्रश्न विचारतो : ही नळी अजून हवी का? रक्ताच्या, लघवीच्या तपासणीत कोणता जंतू सापडला? औषध बदलावे की थांबवावे?

थांबविण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तुरीवर तेच ते औषध पुनःपुन्हा फवारले म्हणजे दुबळी अळी मरते आणि चिवट अळी उरते, हे आपल्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. प्रतिजैविकांचेही तसेच आहे. २०१२ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी जगापुढे मांडले. त्याआधी, २०१० साली, त्यांच्याच पाहणीत मुंबईतील १०६ खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ६३ निरनिराळे औषधक्रम लिहिले होते. बिनचूक होते केवळ सहा! म्हणजे जंतू इस्पितळाच्या फाटकाबाहेरच बळावतो, आणि आतल्या डॉक्टरच्या हाती मग बोथट शस्त्र उरते. २०१४ पासून क्षयाची व कित्येक प्रबळ प्रतिजैविके विकताना दुकानदाराने वेगळी नोंद ठेवावी, असा नियम आहे. पण नियमाला घराघरांतून साथ हवी.

ती साथ अवघड नाही. रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर साबणाने निदान चाळीस सेकंद हात धुवावेत. खाटेभोवती गर्दी करू नये; खोकला, ताप वा हगवण असणाऱ्याने भेटीस जाऊच नये. तान्ह्या मुलांना घरी ठेवावे. नळीच्या जागी लाली, सूज किंवा दुखणे दिसले तर परिचारिकेस तत्काळ सांगावे. “डॉक्टरसाहेब, ही नळी अजून लागेल का?” असे नम्रपणे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सुई व सलाईनसाठी हट्ट धरू नये; शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत; दिलेला औषधक्रम डॉक्टरांच्या सांगण्यावाचून मध्येच सोडू नये.

रोग्याच्या उशाशी बसणारी आई, बहीण वा सून रात्रभर जागते, खस्ता खाते. त्या सेवेला साबण-पाण्याची जोड मिळाली तर तिचे श्रम वाया जाणार नाहीत, आणि तिचा माणूस एका रोगापायी दुसरा रोग न घेता घरी परतण्याची आशा वाढेल.